शब्दचर्चा: बोस्प्रिटला मराठीत काय म्हणावं? (आणि हेडसेलला?)

कानामात्रा
लहान कॅटामरानला (दोन सांगाडे, म्हणजे दोन तरंगणारी अंगं, जोडून केलेली होडी) जादा पुढचं शीड आणि त्यासाठी बोस्प्रिट (होडीच्या टोकापुढे निघणारी काठी) घरच्या घरी कसं बसवायचं, अशी एक माहितीपुस्तिका मराठीत करतोय. पहिल्याच पानावर अडलो. हेडसेलला, म्हणजे डोलकाठीच्या पुढच्या शिडाला, ‘मुखशीड’ लिहिलं तर तपासणाऱ्याने ‘अग्रशीड’ केलं. बोस्प्रिटला ‘नाळकाठी’ लिहिलं, त्यावर शेरा आला: ‘नाळ म्हणजे बाळाची. बदला.’ नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, वराम म्हणजे मागचं, हे मी गृहीत धरलं होतं. माझं चुकलं का?

शेवटची_ओळ
चुकलं नाही. नाळ-वराम ही जोडी जुनीच आहे. नाळ घोड्याच्या टापेलाही असते, म्हणून कोणी ते लिहायचं सोडत नाही.
‘अग्रशीड’ मात्र नको. शीड हा शब्द खाऱ्या पाण्यातला, त्याला संस्कृतचं उपरणं कशाला? ‘पुढचं शीड’ म्हणा, कुणालाही कळेल.

गाठमार
‘पुढचं शीड’ म्हटलं की कुठलं पुढचं? जिब (डोलकाठीपुढचं नेहमीचं शीड) आधीच पुढे आहे. आता त्याच्याही पुढे दुसरं लावायचंय. हेडसेल हे जातीचं नाव आहे: जिब, जेनोआ, जेनाकर, कोड झीरो, सगळी डोलकाठीच्या पुढची शिडं त्यात येतात. पुस्तिकेत नेमकं कोणतं आहे? जेनाकर (जेनोआ म्हणजे मोठा जिब आणि स्पिनेकर म्हणजे फुग्यासारखं शीड, या दोघांची खिचडी) असेल तर ते फुगीर पोटाचं, नायलॉनचं शीड. कोड झीरो सपाट असतं, वारा येतो त्या दिशेच्या जास्त जवळ होडी नेतं आणि पुढच्या कडेत त्याला कितीतरी जास्त ताण लागतो. काठीची जाडी त्यावर ठरते, शब्द नंतर.

कानामात्रा
जेनाकर. होडी साधारण 5 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद. काठी 50 मिमी व्यासाची, 2 मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियम नळी, लांबी 2.8 मीटर. पुढच्या आडव्या तुळईपासून निघते आणि नाळेच्या 70 सेंटिमीटर पुढे जाते.

टाचणी
मग ‘नाळकाठी’ साफ चूक! एका सांगाड्याच्या होडीत ती नाळेतून निघते. कॅटामरानला नाळा दोन, आणि ही काठी दोघींच्या मधल्या मोकळ्या हवेत. तिचा बुडखा तुळईला. नाळेशी तिचा संबंध फक्त दोऱ्यांपुरता.

शेवटची_ओळ
तसं तर इंग्रजी शब्दही चूकच म्हणायचा. ‘बो’ त्यातही आहेच. त्यांनी बदलला का?
जाता जाता: हा ‘बो’ धनुष्याचा नव्हे. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘धनुष्याची काठी’ हमखास येते. डच ‘बूख’ म्हणजे खांदा, जहाजाचा खांदा. आणि त्याचं नातं थेट आपल्या ‘बाहू’शी आहे. ‘स्प्रीट’ म्हणजे काठी. धनुष्याचा ‘बो’ वेगळ्याच धातूतला, वाकण्याच्या अर्थाचा.

टाचणी
म्हणजे आता ‘बाहुकाठी’? कुबडीसारखं वाटतंय.

गाठमार
माझा आक्षेप ‘काठी’लाच आहे. काठी म्हटलं की वाचक समजतो, काहीतरी टांगायला पुढे काढलेली आहे. प्रत्यक्षात शीड तिचं टोक वर ओढतं, दोन्ही नाळांकडून आलेले ताणदोर खाली आणि मागे खेचतात, आणि ती मधल्यामध्ये लांबीच्या दिशेने दाबली जाते. हा टेकू आहे.
वरच्याच मापांवर हिशेब करा. नाळेच्या कड्या मध्यरेषेपासून 1.1 मीटर बाजूला, टोक 0.7 मीटर पुढे आणि कड्यांपेक्षा 30 सेंमी वर. शिडाने 100 किलो वर ओढलं तर प्रत्येक ताणदोरात सुमारे 223 किलो, काठीत दाब 233 किलो. आता टोक फक्त 15 सेंमी वर ठेवा: दोरात 437, काठीत 467. तेच शीड, तोच वारा, भार जवळजवळ दुप्पट. 2.8 मीटरची 50 मिमी नळी अंदाजे 780 किलोला बाक घेते. 38 मिमीची (जाडी तीच) 330 लाच. ‘हलकी बरी’ म्हणून 38 घेणारे आणि दिसायला छान म्हणून ती आडवी ठेवणारे, दोघेही तिथेच फसतात.

शेवटची_ओळ
अहो, डोलकाठीही दाबलीच जाते की! ताणदोर तिलाही खाली खेचतात. तिला शेकडो वर्षं काठीच म्हणतोय ना? ‘डोलटेकू’ म्हणायचं का आता?

गाठमार
हे मान्य. पण मग ताणदोर पुस्तिकेत ठळक हवेत. लोक काठीवर खर्च करतात आणि दोराला गाठ मारतात. 5 मिमी डायनीमा (फार मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) पुरेसा आहे, पण टोकाला स्प्लाइसचा डोळा करा, म्हणजे दोराचं टोक दोरातच ओवून केलेला फास. डायनीमा गुळगुळीत असतो, गाठ सरकते, आणि सरकली नाही तरी दोराची ताकद निम्म्यावर आणते.
आणि तुळईच्या मधोमध भोक पाडू नका. डोलकाठीचा भार तिथेच उतरतो. पट्ट्याने आवळलेलं खोगीर बसवा. स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये थेट गेला तर खाऱ्या पाण्यात भोकाभोवती पांढरी पूड जमते, मग स्क्रू निघत नाही. मध्ये प्लॅस्टिकची चकती किंवा गंजरोधक लेप हवा.

रिकामटेकडा
मूळ शब्दच का नाही तपासत? ‘कॅटामरान’ तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला: कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेले ओंडके. म्हणजे आपला तराफा! दोन सांगाड्यांच्या होडीला ते नाव पुढे चिकटलं. 1876 साली नॅथॅनिएल हेरेशॉफने ‘अ‍ॅमरिलिस’ शर्यतीत उतरवली, ती दोन सांगाड्यांचीच. दोन होड्या जोडून केलेल्या तरंगत्या साधनाला मराठीत शब्द आहे: सांगड. ‘सांगड घालणे’ तिथलंच. संस्कृत संघाट, मल्याळम चङ्ङाडम्, पोर्तुगीज जंगाडा, सगळी एका गोत्रातली.

टाचणी
हे फारच आवडलं. पण ‘सांगडीला बोस्प्रिट बसवणे’ वाचून कोणाला कॅटामरान दिसेल?

रिकामटेकडा
पहिल्या पानावर एकदा सांगा, दुसऱ्या पानापासून दिसेल. आणि ‘तो कॅटामरान’, ‘ती कॅटामरान’, ‘ते कॅटामरान’ हा तिढाही सुटेल. सांगड स्त्रीलिंगीच.

दोरखंड
उलांडी विसरू नका. एक होडी आणि बाजूला तरंगणारा ओंडका, ती उलांडीची होडी. सांगडीत दोन्ही बाजू सारख्या लागतात. ज्याला कॅटामरान म्हणतोय त्यात दोन्ही सांगाडे सारखे, तेव्हा सांगड चालेल.

शेवटची_ओळ
मला नाही पटत. ज्या शब्दाने वाचकाला वस्तू सापडते तो शब्द. ‘कॅटामरान’ सापडतो, ‘सांगड’ शोधावी लागते.

कानामात्रा
धागा भरकटला, तरी विचारून घेतो. ‘टॅक’चं काय करू? ‘शिडाचा टॅक बोस्प्रिटच्या टोकाला बांधा’ आणि पुढच्याच ओळीत ‘टॅक करताना ते शीड आधी गुंडाळा’. तपासणाऱ्याने दोन्हीकडे ‘खिळा’ केलंय.

दोरखंड
पहिला टॅक: शिडाचा खालचा पुढचा कोपरा. दुसरा: नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं. तिसराही आहे, वारा कोणत्या बाजूने येतोय ते. तिन्हींना वेगळे शब्द द्या. कोपऱ्याला सरळ ‘पुढचा कोपरा’, फिरवण्याला ‘पालटणं’.
तसाच सापळा ‘शीट’चा. शीट म्हणजे शीड नव्हे आणि चादरही नव्हे, शीड आवरायची दोरी. ‘वाऱ्याचा झोत आला की शीट सोडा’चं ‘शीड सोडा’ झालं तर वाचक डोलकाठीमागचं मोठं शीडही मोकळं करील, आणि इथे प्रश्न भाषेचा उरत नाही. अशा होडीला मागचा ताणदोर नसतो. डोलकाठीचं टोक मागे धरून ठेवतं ते मोठ्या शिडाच्या दोरीने घट्ट झालेलं मोठं शीडच. जेनाकर फुललेलं असताना ती दोरी सोडली की टोक पुढे झुकतं. पुढचा ताणदोर जिथे अडकतो त्याच्या फार वरून जेनाकर चढवलं असेल तर डोलकाठी तिथेच मोडते. झोत आला की वाऱ्यापासून लांब वळायचं, माणसं मागे सरकवायची. वाऱ्याकडे वळलात तर होडी कलंडते.

गाठमार
याला शंभर टक्के. पुस्तिकेत ‘मोठ्या शिडाची दोरी’ आणि ‘जेनाकरची दोरी’ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. कंटाळवाणं झालं तरी चालेल.

टाचणी
शिडाच्या शिवणाबद्दल कोणी बोलणार आहे का? मसुद्यात ‘कापड सरळ जोडा’ आहे. पट्ट्या सरळ जोडल्या तर पोट येणारच नाही, चादर फडफडेल. प्रत्येक जोडाची एक कड किंचित वक्र कापावी लागते, टोकांकडे थोडं कापड जास्त दुमडलं जातं, तेव्हा फुगवटा येतो. जोड आधी 12 मिमी दुतर्फा चिकटपट्टीने धरायचा, मग झिगझॅग टाका. सरळ टाक्याने कापड ताणलं की धागा तुटतो. आणि खरं कापड कापण्याआधी एक शीड स्वस्त ताडपत्रीचं करून बघा. चूक तिथेच दिसू दे.

रिकामटेकडा
ताडपत्री! हा शब्द ताडाच्या पानाचा नव्हेच. इंग्रजी ‘टारपॉलिन’चं मराठीकरण आहे, टार म्हणजे डांबर.

शेवटची_ओळ
पुरावा? ताडाच्या पानांनी छपरं झाकायची रीत टारपॉलिनची वाट बघत नव्हती.

कानामात्रा
ताडपत्रीला वेगळा धागा काढा, कृपा करा. मी सध्या ‘पुढची काठी’ लिहून पुढे सरकतोय.

टाचणी
‘पुढची काठी’ म्हणजे कोणती? मागची आहे का?