दप्तराविना दहा दिवस कुळागरात: शिक्षण की सहल?

फोंड्याचा मास्तर

नऊ वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलाच्या कुंपणाला लागून सातवीच्या मुलांनी भिरंडाची बारा रोपं लावली. (घाटावरचं कुणी वाचत असेल तर कोकम.) बिया मुलांनी घरूनच आणलेल्या, सोलं घालताना उरलेल्या. पाणी घातलं, गुरांपासून राखलं. गेल्या दोन हंगामांत झाडं फुलली आणि उलगडा झाला. बारांतली सात नर. फुलणार, पण फळ म्हणून धरणार नाहीत.

भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघायचेच, आणि फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, पान बघून काही कळत नाही. यावरचा उपाय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कधीचा काढून ठेवलाय: चांगलं धरणारं मादी झाड निवडायचं आणि त्याची कलमं करायची. 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' या जाती लोक कलमं आणूनच लावतात. मी बीएस्सी बीएड. वर्गात एकलिंगी फूल फळ्यावर काढतो, उदाहरण पपईचं देतो. खिडकीबाहेर बारा झाडं उभी होती आणि मला पत्ता नव्हता. लावणाऱ्यांतला एक मुलगा परवा भेटला, आता कॉलेजात आहे. म्हणाला, "सर, तेव्हाच कलमं का नाही आणली?" काय सांगणार?

म्हणून हा धागा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. सुतार, माळी, कुंभार अशा जाणत्या हातांजवळ जाऊन शिकायचं. आपण काय करतो? बस करतो, मसाल्यांची बाग बघतो, केळीच्या पानावर जेवतो, फोटो काढतो, परत. माझं म्हणणं, दहाही दिवस एकाच कुळागरात (पोफळी, मिरी, केळी अशी आपली मिश्र बाग) घालवा, पण वर्षभरात पसरून. पावसाआधी एक, पावसात एक, मिरी काढताना, पाट साफ करताना, सुपारी उतरवताना. झाडांना नंबर द्या, वही ठेवा, आणि पुढच्या तुकडीने तीच वही पुढे चालवावी. पाच वर्षांत गावापाशी असा दस्त तयार होईल, जो बाहेरून दोन वेळा येऊन गेलेल्या संशोधकाला मिळत नाही.

बोला.

सांग्याची काकी

मास्तर, ऐकायला गोड आहे. आता ज्यांचं कुळागर आहे त्यांचंही ऐका.

माझ्याकडे चारशेच्या आसपास पोफळी, त्यांवर मिरी, मध्ये केळी, जायफळाची नऊ झाडं, खाली हळद-आलं-सुरण. पाणी झरीचं. मागच्या सात-आठ वर्षांत तीन वेळा वेगवेगळ्या ठिकाणची विद्यार्थी मंडळी छापील फॉर्म घेऊन आली. झाडं किती, मजूर किती, वर्षाचं उत्पन्न किती. एका मुलीने विचारलं, "काकी, तुम्ही आंतरपीक घेता का?" ती हळदीच्या वाफ्यातच उभी होती.

तिघांनाही चहा दिला, भिरंडाचं सरबत दिलं. एकानेही परत येऊन 'आम्हांला हे सापडलं' असं सांगितलं नाही. आता त्यांच्या जागी तीस पोरं, तीही वर्षातून दहा वेळा? बांधावर पावसाळ्यात शेवाळ असतं, मोठी माणसं घसरतात. पोर पडलं की पालक कुणाच्या दारात येणार?

मला संशोधनातून काय हवंय ते सांगते. एका रोपवाटिकेतून जायफळाची सहा कलमं आणली. जायफळातही नर-मादी वेगळी, म्हणून मुद्दाम कलमं, पैसे जास्त मोजून. सहा वर्षं झाली, झाडं वरच जात नाहीत, झुडपासारखी आडवी पसरलीत. नंतर एका जाणत्याने बघून सांगितलं की काडी आडव्या फांदीची घेतली होती. जायफळाची आडवी फांदी कलम केली तरी आडवीच वाढते, सरळ उठणाऱ्या शेंड्याची काडी घ्यावी लागते. ही एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती तर माझी सहा वर्षं वाचली असती. पोरांना वह्या देण्याआधी रोपं विकणाऱ्यांना शिकवा.

अर्धवट पीएचडी

काकी, फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांतली मी एक (तुमच्याकडे आलेली नव्हे, देवाशप्पथ). तक्रार खरी आहे. प्रबंध इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, आणि काम संपेपर्यंत शिष्यवृत्तीही संपलेली. परत जाऊन सांगण्यासाठी गुणही नाहीत, गाडीभाडंही नाही.

पण दुसरी बाजूही मांडते. उत्पन्न विचारलं की प्रत्येक जण निम्मं सांगतो. आणि कुळागर मोजायला भातशेतीसारखं सोपं नाही. झरीजवळची पोफळ आणि वरच्या टोकाची पोफळ एकाच वयाची असली तरी धरतात वेगळं. एकरी आकडा काढला की तो कुठल्याच कुळागराचा राहत नाही. भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण आणलं, असं धोरण करणारा जगातला पहिला देश म्हणून कौतुकही झालं. पण झाडाखाली झाड, त्याखाली वेल, त्याखाली कंद, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्याच्या सलग नोंदी नाहीत, हेही तितकंच खरं.

तरी मास्तर, वहीला माझा विरोध आहे. दर वर्षी नवी पोरं, दर वर्षी मोजायची नवी तऱ्हा. एक जण छातीपाशी घेर मोजणार, दुसरा गुडघ्यापाशी. पाच वर्षांनी हाती येईल तो दस्त नव्हे, रद्दी. संशोधनाच्या नावावर ते खपवू नका.

पर्वरीचा पालक

एक साधा प्रश्न. सुपारी माणसाला कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच छापून जाहीर केलंय, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा त्यात आली. शाळा एकीकडे गुटख्याविरुद्ध प्रभातफेरी काढणार आणि दुसरीकडे मुलांना पोफळीच्या बागेत दहा दिवस नेणार? पुढचं पाऊल काय, एप्रिलमध्ये काजूची दारू गाळतात त्या भाटीवर? नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, पिऊन झाला की हुर्राकाचं, म्हणजे त्याच्या दारूचं, प्रात्यक्षिक?

सांग्याची काकी

पर्वरीकर बाब, सुपारीचं ते खरं आहे, मी नाकारत नाही. माझे सासरे तोंडाच्याच रोगाने गेले. म्हणून तर विचारते, पोफळीच्या जागी काय लावू, हे कुणी मोजून सांगेल का? पोफळ काढली तर मिरी कशावर चढवायची, खालच्या आल्याला सावली कुठून? बागच बघायला येऊ नका म्हटल्याने मला उत्तर मिळत नाही.

भाटीचं म्हणाल तर, तिथे न्यायला माझी हरकत नाही. वाफेचं पाणी होतं कसं, ते पोरांना पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. चव घ्यायला मास्तरांना एकट्याला पाठवा.

विज्ञानवाली

मास्तरांशी माझं मुळातच पटत नाही, आणि कारण सावली-शेवाळाचं नव्हे, शिकण्याचं आहे.

१९८५ चा ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला अभ्यास शिक्षणशास्त्रात फार सांगितला जातो. (काजू त्याच भागातून आपल्याकडे आला, हा योगायोग.) रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले: ९८ टक्के बरोबर. त्याच मुलांना त्याच तोडीची गणितं नुसत्या आकड्यांत घातली: ३७ टक्के. लोकांनी यातून अर्थ काढला की बाजार हीच खरी शाळा. पण २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्याने गोष्ट पुरी केली. बाजारातली मुलं शाळेच्या पद्धतीची गणितं सोडवू शकत नाहीत आणि शाळेतली मुलं बाजाराचा हिशोब करू शकत नाहीत. इकडचं शिकलेलं आपोआप तिकडे जात नाही.

म्हणजे कुळागरात दहा दिवस घालवून मुलं कुळागर शिकतील. विज्ञान शिकतील हा तुमचा विश्वास आहे, पुरावा नव्हे. आधीच आठवीतल्या मुलांना भागाकार जमत नाही, त्यात हे दहा दिवस वजा.

शिफ्ट बी

वेर्ण्याहून, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, घाईत आहे.

दप्तराविना दहा दिवस? माझ्या बाबाला दप्तराविना तीनशे पासष्ट दिवस होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात. सातवीत शाळा सुटली कारण सुपारी उतरवायला हात कमी पडत होते. एकदा वर चढला की खाली न उतरता एका पोफळीचा शेंडा वाकवून दुसरीवर जायचा, अशा तीस-चाळीस. पोफळीच्या बुंध्यावर जी पेरं दिसतात ना, एकेक झावळ गळून गेल्याची खूण, ती मोजून तो झाडाचं वय सांगायचा. वर्षाला सहा-सात गळतात, त्याला कुणी भागाकार शिकवला नव्हता. कुठल्याही शाळेने त्याला आजवर काही विचारलं नाही.

मी शिकलो ते त्या कुळागरातून बाहेर पडायला. आता तुम्ही लोक पोरांना परत आत घेऊन जाणार आणि त्याला शिक्षण म्हणणार. आणि तिथे 'तज्ज्ञ' म्हणून कोण उभा राहील तेही मला ठाऊक आहे. भाटकार बोलणार आणि माझा बाप चहाचा ट्रे घेऊन येणार.

फोंड्याचा मास्तर

शिफ्ट बी, तुमचा निरोप काल रात्री दोनदा वाचला. उत्तर लगेच सुचलं नाही. आधी बाकीच्यांचं घेतो.

विज्ञानवाली, तो अभ्यास तुम्ही माझ्या विरोधात आणलात, मला तो माझ्या बाजूचा वाटतो. इकडचं तिकडे आपोआप जात नाही, मान्य. म्हणूनच मधे मास्तर लागतो. एकच उदाहरण देतो. कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते तो) पावसाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला मारणारा लोखंडी सुरी त्यात बुडवतो. पात्याला तांबूस पुट चढलं तर चुना कमी, अजून घाल. मी हे गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं आणि तिथेच हसू आलं. दर वर्षी मी प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा घालून 'विस्थापन अभिक्रिया' लिहून घेतो. मुलं पाठ करतात, परीक्षेनंतर विसरतात. सुरी आणि खिळा एकच आहे, हे त्यांना ना कुळागरात कुणी सांगणार, ना वर्गात. ते दोन्ही ठिकाणं बघितलेल्या माणसाने सांगायचं. (फवारणी मुलांनी लांबून बघायची, काळजी नको.)

अर्धवट पीएचडी, वहीचं तुमचं बरोबर आहे. घेर काढून टाकतो. फक्त मोजणी ठेवतो: नंबर घातलेल्या वीस झाडांवर घोस किती, आणि पहिलं फूल कुठल्या तारखेला. तेवढं तरी सातवीचं पोर चुकणार नाही.

पर्वरीच्या पालकांना काकींनी दिलं त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता शिफ्ट बी. चहाच्या ट्रेचं तुम्ही लिहिलंत, ते आमच्याकडे प्रत्यक्ष झालेलं आहे. गेल्या वर्षी मुलांसमोर मालक अर्धा तास बोलले आणि सुरी बुडवणाऱ्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. तुमच्या बाबांना आम्ही बोलावलं तर येतील का? पेरं मोजून वय काढायचं तेवढंच शिकवायचं. मानधन शाळा देईल.

विज्ञानवाली

खिळ्याचं उदाहरण चांगलं आहे, देते श्रेय. पण एका उदाहरणावर दहा दिवस निघत नाहीत. आणि सगळेच मास्तर सुरीकडे बघून हसणारे नसतात. बाकीच्या शाळांत बसच निघणार, लिहून ठेवा.

शिफ्ट बी

मास्तर, मानधन म्हणजे दिवसाची मजुरी की पाहुण्या व्याख्यात्याला देता ते? दोन्हींत फरक असतो, आमच्या कंपनीतही असतो.

फोंड्याचा मास्तर

पाहुण्या व्याख्यात्याचं. मुख्याध्यापकांकडून लेखी घेतो.

शिफ्ट बी

बाबाला विचारलं. आधी हसला. मग म्हणाला, पोरांना पेरं खालून मोजायला सांगू नका, बुंध्याजवळची पुसट झालेली असतात, चुकतात. छातीच्या उंचीवर खूण करा, तिथून वर मोजा आणि खालच्यांचा अंदाज तो स्वतः सांगेल.

पण त्याचे गुडघे गेलेत. बांधावरून चालत येणार नाही, आणि उभं राहून बोलणार नाही. खुर्ची ठेवणार का, ते आधी सांगा.

सांग्याची काकी

माझ्याकडे या. दारापर्यंत रिक्षा येते आणि घराला लागूनच पंधरा पोफळी आहेत. खुर्ची माझी. पोरं मात्र दहाच्या वर नकोत, आणि हळदीच्या वाफ्यात पाय ठेवला तर मास्तरांकडून भरून घेईन.