लहान मुलांना घेऊन मोशीला (टांझानिया) सेवाकार्यासाठी जातोय, संसार कसा बसवावा?

नगरची_लेक:
सर्वांना सलाम. येत्या जानेवारीत आम्ही चौघं किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीला राहायला जातोय. नवरा पाळक आहे, तिथल्या लुथरन मंडळीत तरुणांमध्ये काम करेल. मी परिचारिका, पण सुरुवातीला घरीच असेन. मुलगी चार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. कागदपत्रांचं संस्था बघतेय. मला रोजच्या जगण्याचं विचारायचंय. भाकरीला पीठ मिळतं का? पोराला ताप आला तर काय करायचं? घर मिशनच्या आवारात घ्यावं की वस्तीत? सासूबाई रोज विचारतात, "एवढ्याशा लेकरांना घेऊन कशाला?" माझ्याकडे अजून उत्तर नाही. तिथे राहिलेलं कुणी असेल तर सांगा.

मामा_एस्तेर:
सलाम गं. माझं माहेर नाशिकचं, शरणपूरचं. मोशीत आम्ही बरीच वर्षं काढली, मुलं तिथेच चालायला-बोलायला शिकली, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी घराचं. वस्तीत घ्या. आवारात पाणी असतं, रखवालदार असतो, सगळं खरं. पण तिथे तुमच्या दारात येणारा माणूस काही कामासाठी येतो. वस्तीत बाया नुसत्या बसायला येतात, आणि नवीन आईला त्यांचीच गरज असते. दाराशी "होडी", म्हणजे येऊ का, अशी हाक आली की "करीबु", म्हणजे या, म्हणायचं आणि हातातलं काम बाजूला ठेवायचं. वयानं मोठ्या माणसाला "शिकामो" म्हणायचं, ते "मराहाबा" म्हणतात. हे लेकीला विमानातच शिकव. चार वर्षांच्या परक्या पोरीनं शिकामो म्हटलं की सगळी गल्ली तिची आजी होते. तुला तुझ्या नावानं कुणी हाक मारणार नाही, मुलीच्या नावापुढे मामा लावून मारतील. माझं इथलं नाव त्यातलंच.

घर बघताना छतावर पाण्याची टाकी आहे ना आणि खिडक्यांना जाळ्या आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी बघ. विजेचं मीटर आधी पैसे भरायचं असतं, त्याला लुकू म्हणतात. मोबाईलवरून पैसे भरले की वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं मोबाईलच्या पैशांवर चालतं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन सिमकार्ड घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. आपला मिक्सर अडॅप्टर लावून चालतो. कुकर आण, रबरी रिंगा जास्तीच्या आण. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर 2019पासून बंदी आहे, विमानातून उतरतानाही त्या चालत नाहीत. मी मसाले स्टीलच्या डब्यांत नेत असे.

खाण्याची काळजी करू नकोस. ज्वारी तिथे म्तामा नावानं मिळते, नाचणी म्हणजे उलेझी. बाजारात दाणे निवडून घ्यायचे आणि शेजारच्या गिरणीत बारीक दळून मागायचे. धाकट्याला वरचं खाणं सुरू केलं असशील, तर त्या नाचणीची उजी म्हणजे आपली पेजच. तिथल्या आया बाळांना तीच देतात. तूर म्बाझी म्हणून मिळते. टांझानियाची बरीचशी तूर भारतातच येते, त्यामुळे वरणाची चव ओळखीची लागेल. म्चिचा हा माठाच्या जातीचा पाला, रोज ताजा. मात्र शेजारणीकडे उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, किंवा केळ्यांचं म्तोरी मिळालं तर पोटभर खा, मुलांनाही खाऊ घाल. कच्च्या केळ्यांचं ते सूप चागा लोक, म्हणजे किलिमांजारोच्या भागातले मूळ लोक, बाळंतिणीला देतात. मला ते शेजारणीनं पातेलंभर आणून दिलं होतं आणि मी संपवेपर्यंत ती समोर बसून राहिली.

ताप. तू परिचारिका आहेस, तरी सांगते, कारण आई झालं की शिकलेलं बाजूला पडतं. तिथे मुलाला ताप आला की दात येत असतील, ऊन लागलं असेल, असलं काही मनाशी धरायचं नाही. त्याच दिवशी बोट टोचून मलेरियाची तपासणी करायची. निघाला तर म्सेतो गोळ्या देतात, पूर्ण कोर्स करायचा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. रात्री औषधी मच्छरदाणी गादीखाली खोचून.

आणि एक, वेळेचं. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी "सा सबा" म्हणजे सात वाजता बोलावलं तर ते दुपारी एकला.

फिरतीवरचे_काका:
ताई, एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. मी मंडळाच्या कामानिमित्त पूर्व आफ्रिकेत येऊन-जाऊन असायचो. आठ महिन्यांचं बाळ असताना पहिले दोन-तीन महिने आवारातच काढावेत. पाणी, दवाखाना आणि गाडी या तीन गोष्टींची सवय झाली की मग वस्तीत जावं. रात्री दोन वाजता बाळ तापलं तर गल्लीत बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, शोधत कोण फिरणार?

शिवाय दोन गोष्टी. प्रवास आदिस अबाबा किंवा नायरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस लागू शकते. ती नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. तिकिटाची तारीख त्यावर बसवा. दुसरं, पाळकांना मिळतो तो सी वर्गाचा रहिवासी परवाना. त्याच्या आधारावर तुम्हाला रुग्णालयात काम करता येणार नाही, सेवाभावी असलं तरी. त्यासाठी वेगळा परवाना आणि तिथल्या परिचारिका परिषदेची नोंदणी लागते.

मामा_एस्तेर:
काका, गाडीचं तुमचं बरोबर आहे. आवारात राहायचंच असेल तर तारीख ठरवून राहा, एवढंच म्हणेन. तारीख नसली की लोक तिथेच राहतात. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत, चांगली, प्रार्थनेची माणसं. परत निघाली तेव्हा त्यांना निरोप द्यायला फक्त ऑफिसची माणसं आली होती.

उसाच्या_देशातला:
मी त्या मुलांपैकी एक. आईवडील टांझानियात सेवेला होते, मी आठवीत पुण्याला परतलो. ताई, लेकीला मंडळीच्या चेकेचेआत, म्हणजे बालवाडीत, घाला. ती स्वाहिली तुमच्याआधी बोलेल. पण घरात मराठी सोडू नका. आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना मराठीतच व्हायची, गाणी उपासना संगीतातली. पुण्यात आलो तेव्हा शाळेत मी सगळ्यात वेगळा होतो, पण आजीशी बोलताना कधी अडलो नाही. देवनागरी वाचायला तिथेच शिकवा, इथे आल्यावर शिकवू म्हणू नका. आणि परत आणाल तेव्हा तिला वर्षभर तरी कुणाशी तुलना करून दाखवू नका. मला मोशीचा पाऊस आठवून रडू यायचं आणि ते कुणाला सांगता यायचं नाही.

नगरची_लेक:
डोळे भरून आले वाचताना. ताई, अजून एक विचारू? नवरा दिवसभर बाहेर असेल. मला भाषा येत नाही, काम करायची परवानगी नाही. मी तिथे नक्की कोण असेन?

मामा_एस्तेर:
जुमुईयात, म्हणजे वस्तीतल्या प्रार्थनागटात, जा. दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी पहाटेच, वस्तीतली दहा-बारा घरं एकाकडे जमतात. वचन वाचतात, गातात, कुणाकडे आजारपण आहे, कुणाच्या पोराची फी राहिली, सगळं तिथेच निघतं. कळो न कळो, बाळाला पाठीशी बांधून जाऊन बस. कुणाकडे मयत झालं तर तिथेही जा. बाया अंगणात चटयांवर दिवस दिवस बसतात, कुणी भाजी चिरतं, कुणी तांदूळ निवडतं. तुला तांदूळ निवडता येतात ना? मग तुला काम आहे.

रविवारी उपासनेनंतर चर्चबाहेर लिलाव होतो. पैसे नसलेले लोक अंडी, केळ्यांचा घड, कोंबडी अर्पण म्हणून आणतात आणि ते तिथेच बोली लावून विकतात. एक विधवा बाई दर खेपेला दोन अंडी आणायची. तिची अंडी कुणीतरी दहापट किमतीला घ्यायचं आणि पुन्हा तिच्याच पदरात घालायचं. मी मंडळी म्हणजे काय ते लहानपणापासून ऐकत आले होते. ते पाहिलं त्या अंगणात.

भाषेसाठी मोरोगोरोला लुथरन मंडळीची शाळा आहे. संस्थेकडे हट्ट धर की दोघांनाही पाठवा. नुसत्या नवऱ्याला पाठवायची पद्धत मला कधीच पटली नाही. बाजार, दवाखाना, शेजार हे सगळं बोलायचं कुणाला असतं?

आता सासूबाईंचं. त्यांची भीती खोटी नाही. 1844मध्ये क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी तरुण बायकोला घेऊन आताच्या केनियातल्या मोंबासाला उतरला. काही महिन्यांतच ती आणि नवजात मुलगी तापानं गेल्या. तेव्हा तपासणी नव्हती, म्सेतो नव्हतं. हा फरक त्यांना नीट समजावून सांग.

आणि दुसरी गोष्टही सांग, ती आपल्या मातीतली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकला आमच्या शरणपुरात मिशनमध्ये वाढली, हातकाम शिकली. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864मध्ये आपापल्या पत्नींसह मोंबासाजवळ रबाईच्या मिशनला गेले. तिथे क्राप्फचा सहकारी मिशनरी रेबमान एकटा पडला होता. जोन्स पुढे पाळक झाले. याकोब वेनराइट हाही नाशिकलाच शिकलेला, आफ्रिकेत वारलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत तो पार लंडनपर्यंत गेला. रबाईच्या जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. मोशीहून बसनं जाता येतं, जमेल तेव्हा चौघं जा. मी तिथे उभी राहिले तेव्हा जोन्सपेक्षा त्यांच्या पत्नी जास्त आठवल्या. नाशिकहून निघालेल्या, परक्या किनाऱ्यावर चूल मांडणाऱ्या बाया. त्यांना कुणी विचारलं असेल का, तुम्ही तिथे कोण असाल म्हणून?

जानेवारीत मोशी कोरडं आणि गरम असतं. मार्चपासून मोठा पाऊस, त्याला मासिका म्हणतात, चिखल जबरदस्त. मुलांचे गमबूट तिथेच घे, इथून ओझं नको. जून-जुलैत थंडी पडते, एकेक स्वेटर मात्र नक्की आण. घर ठरलं की इथे कळव, आमच्या जुन्या शेजारणीला निरोप धाडते. ती तुला बाजारात घेऊन जाईल.