बॅकअप सिग्नलचा मॉड्यूल लावूनही चॅनल अडकतंय, तातडीने मदत हवी आहे

कृष्णाकाठ_केबल
आमचं तालुक्याचं केबल चॅनल आहे. प्लेआऊट पीसी (कार्यक्रम वाजवणारा संगणक) गेला तर बॅकअप म्हणून तळहाताएवढा मॉड्यूल घेतला. इनपुट गेलं की आपोआप कलर बार (रंगीत पट्टे) नाहीतर आपली पाटी देतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. काल रात्री पीसी गेला आणि हा ढिम्म! घराघरांतून फोन. परवा यात्रेचं थेट प्रक्षेपण आहे. कोणती सेटिंग बघू?

निवृत्त_अभियंता
गेला म्हणजे? बंद पडला, हँग झाला की केबल निघाली? जोडणी एसडीआय (स्टुडिओतली व्हिडिओ केबल) का एचडीएमआय? फॉरमॅट कोणता?

कृष्णाकाठ_केबल
एसडीआय. मॉड्यूल पीसी आणि एन्कोडर (सिग्नल पुढे पाठवण्याजोगा करणारं यंत्र) यांच्या मधेच आहे. गेला म्हणजे गेला हो, काय सांगू अजून!

ओबीएसवाला
असली खोकी घेऊच नका राव. दुसरा पीसी, त्यात ओबीएस (प्रक्षेपणाचं फुकट सॉफ्टवेअर), एक पाटी लावून ठेवायची. आमच्या मंडळाचं सगळं त्याच्यावरच चालतं.

निवृत्त_अभियंता
आणि तो दुसरा पीसी अपडेट घ्यायला बसला की? मॉड्यूलला विंडोज नसतं, हीच त्याची किंमत.
कृष्णाकाठ, फोन आले तेव्हा लोकांना काय दिसत होतं, काळं की थिजलेलं चित्र?

कृष्णाकाठ_केबल
थिजलेलं. निवेदिकेचं तोंड अर्धं उघडं, तसंच वीस मिनिटं.

निवृत्त_अभियंता
मग मॉड्यूल बरोबरच वागला. सॉफ्टवेअर हँग झालं तरी एसडीआय कार्ड शेवटची फ्रेम पाठवतच राहतं. मॉड्यूल सिग्नल लॉक आहे का, म्हणजे नीट येतोय का, एवढंच बघतो, चित्र हलतंय का ते नाही. पीसीकडून येणारी बीएनसी (एसडीआय केबलचं टोक) उपटून बघा, लगेच बार येतील.

टीव्हीदुरुस्ती_सांगली
लोगो पारदर्शक हवा असेल तर पीएनजी वापरा, जेपीजी नको.

कृष्णाकाठ_केबल
लोगोचं कुणी विचारलं? 😡
काका, उपटून बघितलं. बार आले, पण त्याआधी एन्कोडर सात-आठ सेकंद काळा. आणि आवाज नाही.

मोबाइल_व्हॅन
मॉड्यूलचा फॉरमॅट बघा. बाहेरून आलेली खोकी बऱ्याचदा ५९.९४ (अमेरिकेकडचा चित्रवेग) वर असतात, आपलं १०८०आय५० (सेकंदाला ५० अर्धी चित्रं). फॉरमॅट बदलला की एन्कोडर पहिल्यापासून लॉक शोधतो. १०८०पी२५ (सेकंदाला २५ पूर्ण चित्रं) वरही ठेवू नका. केबलवरचा डेटा वेग तोच, सेकंदाला १.४८५ गिगाबिट, पण काही एन्कोडर फसतात. आवाजासाठी मेनूत टोन चालू करा, १ किलोहर्ट्झ, पातळी उणे १८ डीबीएफएस (डिजिटल आवाजाचं माप). सिग्नलमध्ये ऑडिओ एम्बेडच नसेल तर पुढे एमएसओकडे (मोठ्या केबल कंपनीकडे) अलार्म वाजतो.

निवृत्त_अभियंता
फॉरमॅट जुळला तरी झटका बसेल, कारण दोन सिग्नलांच्या फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाहीत. ब्लॅकबर्स्टने (ताल देणाऱ्या सिग्नलने) कार्ड आणि मॉड्यूल दोन्ही जेनलॉक करा, म्हणजे एका तालात आणा.

मोबाइल_व्हॅन
केबल चॅनलला जेनलॉक कशाला काका? मॉड्यूलच्या पुढे एक फ्रेम सिंक्रोनायझर (फ्रेम तालात लावणारं खोकं) टाकला की संपलं.

निवृत्त_अभियंता
म्हणजे साखळीत आणखी एक खोकं, आणि तेच गेलं तर?

मोबाइल_व्हॅन
रिले बायपास असलेलं घ्यायचं. वीज गेली तरी सिग्नल आरपार.

सह्याद्री_प्रेमी
दूरदर्शनची 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' पाटी आठवली. मुंबई केंद्र १९७२ चं. तेव्हा पाटी आली की घरातलं कुणी चहा टाकायला उठायचं.

ओबीएसवाला
आता पाटी आली की लोक यूट्यूब लावतात. म्हणून म्हणतो, ओबीएस.

कृष्णाकाठ_केबल
फॉरमॅट ५९.९४ च होता. १०८०आय५० केला, टोनही लावला. आता क्षणभर काळं होतं, चालेल. पण पीसी हँग झाला तर काय? तो तर परवाही होईल.

निवृत्त_अभियंता
कार्डात वॉचडॉग रिले आहे का? सॉफ्टवेअरने वेळेवर 'जिवंत आहे' कळवलं नाही की तो सुटतो, सिग्नल तुटतो आणि मॉड्यूल बार देतो. नसेल तर मॉड्यूलवर जीपीआय (बाहेरच्या बटणाने मॉड्यूलला हुकूम द्यायची जोडणी) असेल. तिथे साधं बटण लावून टेबलावर आणा आणि यात्रेच्या दिवशी एक माणूस तिथे बसवा. आणि मॉड्यूल पीसीच्याच यूपीएसवर नको.

कृष्णाकाठ_केबल
यूपीएस एकच आहे. जीपीआयचा हिरवा कनेक्टर मागे आहे, चार पिना. मॅन्युअल चिनी भाषेत.

मोबाइल_व्हॅन
मॅन्युअलमधल्या आकृतीचा आणि कनेक्टरचा फोटो टाका. तोवर पिना एकमेकींना जोडून बघू नका.