बेळगावला चौथऱ्यावर डबा कोणी उघडला?

ए-३०४ (काकू): दोन दिवस गप्प बसले, आज बोलतेच. सोसायटीच्या सहलीत बेळगावला मराठा रेजिमेंटच्या स्मारकाच्या चौथऱ्यावर बसून भाकरी कोणी खाल्ली? दगडावर शेंगाचटणीचं तेल सांडलं होतं. सुभेदारकाकांनी खिशातला रुमाल काढून पुसलं, आणि आपण सगळे बसच्या खिडकीतून बघत होतो.

सेक्रेटरी: बसचे उरलेले ३५० रुपये ज्यांचे राहिलेत त्यांनी आज द्यावेत 🙏

सी-१०२: सरळ नाव घ्या ना. आमचा पोरगा फक्त फोटोपुरता उभा राहिला होता.

ए-३०४: मी कुणाचंच नाव घेतलं नाही. तुम्हाला का झोंबलं?

बी-२०१: चटणी म्हटल्यावर झोंबणारच की ओ 😂

चेअरमन: कृपया वैयक्तिक नको. म्युझियममध्ये सगळे शिस्तीत होते. पहाटे ५ ला निघालेली माणसं, भूक लागते. विजापुरात दीड तास कुणामुळं गेला तेही सगळ्यांना माहीत आहे.

डी-४०१: आलं का परत गोलघुमटावर! पोरांना घुमणारा आवाज ऐकवला, गुन्हा केला?

सेक्रेटरी: ३५० रुपये. फोनपे चालेल.

बी-३०२ (ताई): भूक म्हणे. काका आत पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या कुतच्या वेढ्याचं सांगत होते तेव्हा किती जण उभे होते? मी आणि दोन पोरं. १९१५-१६ ला १४७ दिवस आपली माणसं तिथं अडकली होती, शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आणि याच रेजिमेंटचा नामदेव जाधव! ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. साधा कंपनीचा निरोप्या. दोन जखमींना पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून माघारी आणलं. मग परत जाऊन एकट्यानं मशिनगनची तीन ठाणी बंद केली. हाताला गोळी लागली म्हणून बंदूक चालेना, तर बॉम्ब फेकले. नंतर बांधावर उभं राहून महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे चालू असताना आपले लोक कुंद्याचं दुकान शोधत होते.

बी-२०१: कुंदा मस्त होता पण.

सी-१०२: मी तेव्हाच म्हणत होतो, नगरला रणगाडे बघायला जाऊ. पोरांना तिथं मजा आली असती.

डी-४०१: टँक बघायचाय? गच्चीवरचा बघा. चार दिवस गळतोय. पाणी पाचव्या दिवशी, आणि गळती रोज.

चेअरमन: टाकीचा विषय मीटिंगमध्ये.

डी-४०१: कुठल्या जन्मीच्या?

बी-२०१: फोटो झूम केला. चौथऱ्यावर स्टीलचा डबा दिसतोय, झाकणावर नाव कोरलेलं आहे. थांबा… 'ए-३०४'. काकू?? 😳

ए-३०४: मेल्या, ते डबे मी संक्रांतीला वाण म्हणून पंचवीस जणींना लुटलेत! तुझ्याही घरी आहे, आईला विचार.

बी-२०१: आई म्हणते आमचा सापडत नाहीये.

बी-३०२ (ताई): 🤦

सी-१०२: आता बोला. आमच्या पोराला मात्र सगळ्यांनी धरलं होतं.

सेक्रेटरी: ३५० रुपये. शेवटची आठवण.

सुभेदारकाका (बी-१०२): माझे ३५० परवाच दिलेत, वही बघा. रुमाल दोनदा धुतला, डाग गेला नाही. डबा माझ्याकडं आहे, घासून ठेवलाय. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.

सेक्रेटरी: हो काका, मिळालेत 🙏 बाकीच्यांचे?