वस्तीच्या उन्हाळी महोत्सवात अजब वाद्यांना मुख्य मंच द्यावा का?

कानसेन:
मुख्य मंचावर सगळ्यांची पाठ असलेली गाणी आणि मागच्या कोपऱ्यात एकटाच करवत वाजवणारा, असं चित्र अशा महोत्सवांत नेहमी दिसतं. करवतीची पात नागमोडी वाकवून कडेवर गज ओढला की सूर निघतो, बाक सरकवला की सूरही सरकतो. ना तार, ना पडदा! असा वादक आपल्याच गल्लीत राहतो आणि आपल्याला पत्ता नसतो. त्याला संध्याकाळच्या गर्दीत, मुख्य मंचावर अर्धा तास मिळायलाच हवा.

तालपक्का:
अजिबात पटलं नाही. थेरमिन घ्या. 1920 च्या सुमारास रशियात तयार झालेलं हे वाद्य हात न लावता वाजतं. एका हाताने सूर वर-खाली करायचा, दुसऱ्याने आवाज लहान-मोठा. पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. पण हाताला कशाचाच आधार नसल्याने नेमक्या सुरावर थांबणं महाकठीण. कच्च्या हाताचं थेरमिन अर्धा तास ऐकून बघा! वाद्य दुर्मीळ आहे म्हणून वादन चांगलं ठरत नाही.

कानसेन:
बेसूर तर पाठ असलेली गाणीही गायली जातात, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. त्रिनिदादचं स्टीलपॅन आठवा. तेलाच्या पिंपांतून ते घडवलं गरीब वस्त्यांतल्या पोरांनी. प्रतिष्ठितांनी तेव्हा नाकं मुरडली होती. 1951 मध्ये तिथला वाद्यवृंद लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजला आणि 1992 मध्ये ते राष्ट्रीय वाद्य जाहीर झालं. पहिल्या श्रोत्यांनी कान दिले नसते तर?

तालपक्का:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. त्या पोरांनी पिंपं ठोकून ठोकून एकेक सूर बसवला, तयारीने वाजवलं. माझं म्हणणं तेवढंच आहे: आधी ऐका, मग निवडा.

ओसरी:
मला तर मंचच नको वाटतो. अमेरिकेतल्या इथाका गावात 2007 मध्ये पोर्चफेस्ट सुरू झाला. लोक आपापल्या घरांच्या ओसरीवर वाजवतात, ऐकणारे चालत फिरतात. आवडलं तर थांबा, नाही तर पुढच्या घरी. हळू आवाजाच्या वाद्याला भल्यामोठ्या स्पीकरची गरजच काय? फ्रान्समध्येही 1982 पासून 21 जूनला हौशी आणि व्यावसायिक दोघेही रस्त्यावर वाजवतात.

तालपक्का:
हे मान्य. यात कुणावर सक्ती नाही.

कानसेन:
मला नाही मान्य. ओसरीपर्यंत तोच जातो ज्याला आधीच कुतूहल आहे. खुर्चीत बसून ओळखीच्या गाण्याची वाट बघणाऱ्याच्या कानावर हे पडायचं कधी? आणि तालपक्का, 'आधी ऐका, मग निवडा' ठीक, पण निवडणारं मंडळ दरवर्षी तेच असतं आणि त्यांना हवं असतं हमखास टाळ्यांचं गाणं. निवडणाऱ्यांत निदान एक वादक बसवा. तेवढं झालं तर तुमची चाळणी मला चालेल.