नाताळच्या नाटुकल्यात सराईवाल्याला काय म्हणावे?

प्रश्न : मुलांसाठी येशूजन्माची नाटुकली मराठीत लिहीत आहे. मरिया आणि योसेफ यांना ‘जागा नाही’ असे सांगून दार लावून घेणाऱ्या मालकासाठी नेमका शब्द सापडत नाही. ‘खानावळवाला’ म्हटले की महिन्याचे डबे आणि भिंतीवरची ‘उधारी बंद’ची पाटी डोळ्यांसमोर येते. ‘धर्मशाळेचा मालक’ हे तर हास्यास्पदच, कारण धर्मशाळा नफ्यासाठी चालवत नाहीत.

उत्तर : मराठी बायबलमध्ये ‘उतारशाळा’ हा शब्द आहे, त्यावरून ‘उतारशाळेचा मालक’ म्हणता येईल. मात्र गंमत अशी, की लूककृत शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायात असा कोणी मालक नाहीच. उतारशाळेत जागा नव्हती, एवढाच उल्लेख आहे, आणि दार लावणारा माणूस नंतरच्या नाटकांनी उभा केला. खरा मालक भेटतो तो 10व्या अध्यायात, जिथे येशूने सांगितलेल्या दाखल्यातला चांगला शोमरोनी, म्हणजे जखमी माणसाला मदत करणारा वाटसरू, त्याच्या हाती दोन दिनार ठेवतो.

उत्तर : ‘सराईवाला’ कानाला बरा वाटतो, पण ‘सराई’ फारसीतून आलेली असल्यामुळे बेथलेहेमऐवजी मोगलांचा तळ आठवतो. ‘भटियारा’ हिंदीत चालतो. मराठी मुलांना त्यात फार तर भटारखाना ऐकू येईल.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पात्रयादीत ‘उतारशाळेचा मालक’ लिहिते. संवादात मात्र योसेफ त्याला नुसते ‘मालक’ म्हणेल.