मदत हवी आहे: ऑस्कर माशाला जिवंत मासे खायची सवय, पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) खात नाही

माझा ऑस्कर साधारण ४ इंचांचा आहे, २०० लिटरच्या टाकीत एकटाच. दुकानात त्याला जिवंत गोल्डफिशच घालायचे, मीही ३ आठवडे तेच केलं. गोल्डफिशमधल्या थायमिनेज या एन्झाइममुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, शिवाय रोगही येऊ शकतात, हे वाचून थांबवलं. आणि खरं सांगू, फिल्टरमागे दडून बसलेला तो इवलासा जीव मला बघवतच नव्हता.

आज पाचवा दिवस. पेलेट तोंडात घेतो आणि थुंकतो. सोललेली कोळंबी चिमट्यात धरून हलवली, तर एकदाच खाल्ली. पाणी २७ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मोठी टाकी पुढच्या महिन्यात येतेय. त्याला दुकानात परत द्यायचं नाही, खायला गप्पी मासेही घालायचे नाहीत.

त्याला आणखी किती दिवस उपाशी ठेवलेलं चालेल, आणि कोळंबीवरून पेलेट्सवर नेमकं कसं आणायचं?